दिवस धरत नाहीत

एकतीस वर्षं सांगलीच्या घरपट्टी खात्यात काढली.
गावभाग, खणभाग, वखारभाग.
कुठल्या बोळात कुणाचं दार चिकटतंय
आणि कोण आतूनच ओरडतंय, "मालक घरात नाहीत",
सगळं मला पाठ.

त्यामुळं त्रिशलानं रात्री फोनवर विचारलं,
"अण्णा, हा कराचा फॉर्म जरा बघता का?"
तेव्हा मी चष्मा पुसून
जेवायला बसावं तसा मांडी घालून बसलो.
स्क्रीनवर परक्या सरकारचा कागद.
तिच्याकडं सकाळ, खिडकीत बर्फ.
माझ्याकडं साडेनऊ, आणि शेजारच्या गिरणीतनं
हळदीचा वास.

पहिलाच प्रश्न : या देशात किती दिवस होता?
कमाई शून्य असली तरी भरायचाच, म्हणाली,
नुसतं आहोत एवढं सांगायला.
शहाणं दिसतंय सरकार.
आमच्याकडं मोकळ्या प्लॉटलाही नोटीस जायचीच.

तिनं शिक्के बघून आकडे सांगितले.
"पहिलं वर्ष एकशे सेहेचाळीस. दुसरं तीनशे पासष्ट."
"सहासष्ट," मी म्हटलं.
"फेब्रुवारी एकोणतीसचा होता. दुरुस्त कर."
(दूधडेअरीच्या कॅलेंडरवर रोज पेन्सिलीनं एक टिंब देतो,
हे तिला माहीत नाही.)

मग तिनं खालची ओळ वाचली :
विद्यार्थ्याचे पहिल्या पाच वर्षांतले दिवस
धरत नाहीत.
धरत नाहीत म्हणजे?
"म्हणजे मी इथं आहे, अण्णा,
पण कराच्या हिशेबात रहिवासी नाही."

मागच्या महिन्यात तिच्या नावच्या ठेवीसाठी गेलो
तर बँकेत चौगुल्यांनीही हेच विचारलेलं,
"पोरगी रहिवासी का अनिवासी?"
इकडचे एकशे ब्याऐंशी भरत नाहीत.
खातं बदलून घ्या म्हणाले, व्याजातनं कर कापला जाईल.
दोन सरकारं, दोघांच्या वहीत अनिवासी.
बंद घरापुढं 'कुलूप' असा शेरा मी हजारदा मारला असेल,
पण एकच माणूस दोन्हीकडं कुलूप
अशी नोंद माझ्या हातनं कधी झाली नाही.

"पुढं?"
"पुढं पगार."
"कसला पगार?"
ती गप्प.

लोक वरची खोली लपवायचे. जिना काढून ठेवायचे,
दारापुढं कपाट सरकवायचे.
मी वाद घालायचो नाही. पाण्याचा पाइप बघायचो.
पाइप वर जातोय
म्हणजे वर कुणीतरी राहतंय.

"मेसमध्ये," ती म्हणाली. "आठवड्याला अठरा तास.
ताटं खरवडून मशीनमध्ये लावायची.
थंडीत बरं असतंय, हात गरम राहतात.
आईला सांगू नका."
आम्हाला ग्रंथालय म्हणून सांगितलेलं.
विमलनं ते शेजारी चार घरांत सांगितलंय.

नऊ महिन्यांचा पगार, त्यातनं आधीच कापलेला कर.
काही परत मिळेल म्हणे,
त्यांच्या आपल्यात शिकणाऱ्या पोरांसाठी करार आहे जुना.
कोण कुठली दोन माणसं, कधी काळी टेबलाला बसून
हिच्यासाठी चार ओळी लिहून गेली.

मला काय बोलावं ते सुचेना, मग कामाचंच बोललो.
"जेवढं मिळालं तेवढं लिही. पैसुद्धा लपवू नकोस.
सही शाईनं. एक प्रत आपल्याकडं.
रजिस्टरनं पाठव आणि पोच जपून ठेव.
पोच नसली की भरलेलंही न भरल्यात जमा."
"हो अण्णा."
"आणि हातांना काहीतरी लावत जा."
हे फॉर्ममध्ये नव्हतं.

फोन ठेवल्यावर मोरीत गेलो.
रात्रीची ताटं तशीच होती.
"तुम्ही कशाला?" विमल आतनं म्हणाली.
म्हटलं, असू दे.
पाणी गार होतं.